भेटीची परतफेड

गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं, की शहाण्या दुकानदाराने हसून माल गुंडाळावा. पण आमच्या पेठेतल्या सोफेवाल्या गुंजकरशेठना हे सांगणार कोण? वर व्यापारी मंडळाचे अध्यक्ष! त्यांची रंगीत पत्रकं रोज सकाळी मालनबाईंच्या दाराखालून आत सरकायची. एकदा त्या ढिगाबरोबर लेकीच्या मुलाखतीचं पत्रही रद्दीत गेलं आणि नोकरी हुकली. आता दुसरीकडचं पत्र यायचं होतं. मालनबाईंचा जीव टांगणीला लागला.

वैतागून त्या दुकानात गेल्या. “शेठ, हात जोडते, पण ती पत्रकं बंद करा.”

शेठ गिऱ्हाइकांकडे बघत हसले. “बाई, पत्रक म्हणजे आमची भेट. भेटीला कुणी नाही म्हणतं का?”

“तेही खरंच,” म्हणत मालनबाई घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान गजबजलेलं असताना त्या पुन्हा हजर. त्याच पत्रकांचे द्रोण करून त्यांत कांद्याची टरफलं अन् बटाट्याची सालं भरून आणलेली. ते द्रोण त्यांनी पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर ओळीने मांडले.

शेठ किंचाळले, “अहो, हे काय?”

“परतभेट! शेजारची वाटी रिकामी परत करायची आमच्यात रीत नाही, शेठ. आज घरात एवढंच होतं. उद्या मात्र बोंबील आहेत.”

गिऱ्हाइकं खो-खो हसली. शेठनी स्वतःच्या हातांनी द्रोण उचलले.

त्या आठवड्यात मालनबाईंच्या दाराखालून एकच कागद आत आला. लेकीच्या मुलाखतीचं बोलावणं.