मुक्या घंटेचा नवस

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नदीवर पूल नव्हते आणि माणसांना पलीकडे जायची घाईही नव्हती.

एका नदीकाठी एक गाव होतं. गावच्या देवळापुढे थोरली पितळी घंटा टांगलेली होती. ती नुसती देवाची घंटा नव्हती बरं का! डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी गढूळ होऊन चढू लागली, की गुरव ती घंटा वाजवायचा. मग पात्रात गुरं-मेंढरं चारणारी माणसं धावत काठावर यायची. दोन्ही काठांवरची गावं त्या आवाजाच्या भरवशावर बिनघोर राहत होती.

एकदा एका बाईची म्हैस हरवली. बाईने घंटेच्या आतल्या लोलकाला पदराची चिंधी बांधली आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी घरी आली. म्हशी संध्याकाळी घरीच येतात, पण हे त्या बाईला कोण सांगणार!

झालं. घंटा नवसाला पावते अशी बोलवा उठली. कुणी लेकीच्या लग्नासाठी चिंधी बांधली, कुणी खोकल्यासाठी, कुणी शेजाऱ्याच्या कोंबड्याने पहाटे ओरडू नये म्हणून. होता होता घंटेचं पोट भरलं. ‘टण्ण’ वाजणारी घंटा आधी ‘टप्प’ वाजू लागली आणि मग नुसतं ‘भप्’ करू लागली.

त्या वर्षी नदी चढली, गुरवाने घंटा वाजवली, पण पात्रात कुणालाच ऐकू गेली नाही. एका धनगराची दोन मेंढरं वाहून गेली आणि तो स्वतः बाभळीला धरून कसाबसा वाचला. गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाने हुकूम धाडला, ‘दसऱ्यापर्यंत घंटा बोलली नाही, तर ती पलीकडच्या गावाला द्यावी.’

हुकूम ऐकून पाटील मटकन खालीच बसले. कारण पलीकडच्या गावचे पाटील म्हणजे त्यांचे सख्खे साडू. एकवेळ पाटीलकी गेली तरी चालेल, पण साडूपुढे मान खाली घालायची म्हणजे काय!

आमचे पाटील मनाने उमदे होते. पण त्यांची एक खोड होती. कुठल्याही दुखण्यावर ‘आणखी’ हेच औषध, असं त्यांना वाटे. आमटी बिघडली? आणखी मसाला घाला. गाडी रुतली? आणखी एक बैल जुंपा. भांडण मिटेना? आणखी चार माणसं बोलवा.

त्यांनी घंटेचा दोर आणखी जाड केला. मग तो ओढायला दोन पैलवान ठेवले. मग घंटा आणखी उंच टांगली. प्रत्येक उपायाआधी गावाने यश यावं म्हणून नवस बोलला आणि रीतीप्रमाणे घंटेला चिंध्याही बांधल्या.

गुरव एकदा चाचरत म्हणाला, “पाटील, आत जरा दाटी झालीया असं वाटतंय.”

“दाटी नव्हे, भक्ती आहे ती!” पाटील कडाडले. “कुणाच्या नवसाला हात लावशील तर बघ!”

शेवटी पाटलांनी ठरवलं, की लहान चिंध्यांनी देव ऐकत नाही, तर आणखी मोठं काहीतरी बांधावं. घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी पाटलीणबाईंच्या पेटीतलं हिरवं लुगडं उचललं आणि अख्खंच्या अख्खं घंटेत कोंबलं.

दसरा उजाडला. राजाचा कारभारी आला. पैलवानांनी दोर ओढला. पूर्वी ‘भप्’ तरी व्हायचं, आज तेही नाही. कारभारी म्हणाला, “घंटा उतरवा.”

पलीकडच्या काठावर साडू नवा फेटा बांधून, तुतारीवाले घेऊन घंटेची वाट पाहत उभे होतेच. ते पाहून पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते उपरण्याने टिपलं आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

तेवढ्यात पाटलीणबाई घंटेखाली येऊन वर पाहू लागल्या.

“अहो, ते हिरवं काय दिसतंय?”

पाटील आभाळाकडे बघू लागले.

“माझं लुगडं! माझ्या अक्कानं दिलेलं!” पाटलीणबाई गरजल्या. “आता ही घंटा जाणार अक्काच्या दारात. तिनं माझं लुगडं हिच्या पोटात बघितलं, तर जन्मभर हसंल की मला!”

“अगं, नवसाचं आहे ते...”

“मग नवसानं काय दिलं? घंटा चालली की हो! माझं मी काढून घेते.”

त्यांनी पदर खोचला, घंटा उतरवायला लावलेल्या शिडीवर चढल्या आणि लुगडं ओढून काढलं. ते बघून बाकीच्या बायाही दचकल्या. आपल्या घरच्या चिंध्या पलीकडच्या गावाने बघायच्या? छे! ही झुंबड उडाली. जो तो आपापला नवस सोडवू लागला. खोकल्याची चिंधी निघाली, लग्नाची निघाली, कोंबड्याची निघाली, आणि सगळ्यांत शेवटी त्या म्हशीची. खाली गुडघाभर ढीग जमला.

“चला, आता उतरवा,” पाटील म्हणाले. गुरवाने साखळी सैल केली. घंटा जराशी हलली.

टण्ण!

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. पण पलीकडे एकच पळापळ झाली. पूर आला, पूर आला असं ओरडत धनगर मेंढरं घेऊन टेकडीवर धावले. त्यांच्याही पुढे होते साडू. नवा फेटा वाटेतच पडला होता.

कारभाऱ्याला हसू आवरेना. “राहू द्या घंटा इथंच,” तो म्हणाला. “ऐकू येतंय, दिसतंयच की!”

पाटलांना आनंदाचं भरतं आलं. “नवस फळला रे!” ते नाचत ओरडले. “आणा माझा शेला! घंटेला बांधू या!”

पाटलीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पाटलांनी शेला निमूटपणे घडी करून खांद्यावर टाकला.

बायांनी त्या चिंध्यांच्या गोधड्या शिवल्या. पहिली गोधडी मेंढरं गेलेल्या त्या धनगराला दिली. घंटा पुन्हा पुराची वर्दी देऊ लागली आणि त्या नदीने पुढे एक कोकरूही नेलं नाही. पाटील मात्र आमटी बिघडली की अजूनही मसाल्याच्या डब्याकडे हात न्यायचे. मग चुलीपुढून आवाज यायचा, “अहो, आधी घंटा आठवा!”

तात्पर्य : अडलेल्या कामात आणखी भर घालण्याआधी, त्यातून काय काढता येईल ते पाहावं.