बैलाचा शनिवार

रेवदंड्याजवळच्या एका गावात शेगुलाबाई नावाची यहुदी तेलीण राहत होती. लेकाचा ताप उतरला म्हणून तिने नवसाचा मलिदा केला. गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट पाहुण्यांसमोर आलं, तोच त्यांच्यातले मुंबईहून आलेले एजकेल पंडित उठले. कब्बाला नावाची यहुदी गूढविद्या त्यांच्या दाढीतूनही गळायची.

"थांबा! आपल्या धर्मातल्या शनिवारच्या विश्रांतीचा गूढ अर्थ या घरात कुणाला ठाऊक आहे? अर्थ न कळता पाळलेली आज्ञा फुकट! मी शिकवेपर्यंत इथला मलिदा कुणी खाऊ नये."

"शिकायला किती दिवस लागतील, पंडितजी?" एका पाहुण्याने विचारलं.

"हुशार असाल तर वीस वर्षं."

पुढे आलेले हात मागे गेले. नवस अडला. शेगुलाबाईने पदर सावरला.

"शनिवारी बैलालाही विश्रांती द्यावी, अशी आज्ञा आहे ना?"

"आहे तर! धर्मग्रंथातच आहे."

"मग आधी आमच्या सर्जाला शिकवा. बिचारा दर शनिवारी अर्थ न कळताच घाण्याकडे पाठ करून झोपतो."

"अहो, बैलाला कसला अर्थ? तो थांबला, की आज्ञा पाळली गेली!"

"मग आम्हालाही बैलाच्या पंगतीला बसवा," शेगुलाबाई म्हणाली, "पण मलिदा वाढू द्या!"

हसता हसता सगळ्यांचे हात ताटात गेले. पंडितजीही त्याच पंगतीत बसले, आणि दुसऱ्यांदा मलिदा मागताना त्यांनी गुळाचा गूढ अर्थ काही सांगितला नाही.