आवाज कसा झाला?

एकदा एक मुलगी दोन पत्रं घेऊन आपल्या गुरूंच्या घरी गेली. दोन्ही पत्रं परदेशातल्या विद्यापीठांची होती आणि दोन्हींत तिला पदव्युत्तर अभियांत्रिकीला प्रवेश दिल्याचं कळवलं होतं. होकार अर्थातच एकालाच द्यायचा होता, आणि तोही शुक्रवारपर्यंत. त्या दिवशी सोमवार होता.

मुलीचं नाव सुकन्या मगदूम. तिचे वडील, ज्यांना ती अण्णा म्हणे, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी पाण्याच्या पंपांचे व्यापारी होते. दुरुस्तीला आलेल्या पंपांतले मोडके शाफ्ट ती लहानपणापासून गोळा करी. चांगलं जाडजूड पोलाद, रोज बिनतक्रार फिरणारं, एके दिवशी अचानक मोडतंच कसं, हे तिला समजून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर ती तेवढ्यासाठीच शिकत होती.

गुरू म्हणजे तिच्या कॉलेजातले धातुशास्त्राचे वयोवृद्ध प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

“सर, तुम्हीच सांगा आता,” ती म्हणाली. “एक विद्यापीठ मोठं आहे, त्याचं नाव आमच्या गल्लीतल्या केस कापणाऱ्यालासुद्धा माहीत आहे. दुसरं लहानशा थंड गावात. ते नकाशात शोधायला अण्णांना चष्मा लावावा लागला. अण्णा म्हणतात, पाहुण्यांना सांगायचं तर नाव ऐकलेलं नको का?” असं म्हणून तिनं एक तक्ता पुढे ठेवला. क्रमवारी, हवामान, नोकरीची शक्यता, जेवणाची सोय असे चौदा रकाने होते. दोन्हीकडच्या गुणांची बेरीज जवळजवळ सारखी येत होती. चूक झाली तर दोन वर्षं वाया, या धास्तीनं तिला धड जेवण जात नव्हतं.

सरांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. “तुझं दुसऱ्या वर्षाचं जर्नल आहे का गं घरी?”

“जर्नल? सर, ते माळ्यावर असेल कुठंतरी. नाहीतर रद्दीत गेलं असेल.”

“शोध. सापडलं तर उद्या घेऊन ये.”

सुकन्या मनातून चांगलीच वैतागली. इथे चार दिवस उरलेत आणि सरांना जुनी जर्नलं आठवताहेत! पण गुरूंनी सांगितलंय म्हटल्यावर ती माळ्यावर चढली, दोनदा शिंकली आणि दुसऱ्या दिवशी जर्नल घेऊन हजर झाली.

सरांनी प्रयोग क्रमांक सात उघडला. धातूच्या थकव्याचा प्रयोग होता तो. बोटाएवढा पोलादी दांडा यंत्रात बसवतात, त्यावर वजन टांगतात आणि तो तुटेपर्यंत फिरवत ठेवतात. किती फेऱ्यांनी तुटला ते मोजायचं, एवढंच. पानावर सुरेख अक्षरात आकडा होता. खाली लाल शाईत दहापैकी दहा गुण आणि सरांची स्वाक्षरी.

“किती फेऱ्यांनी तुटला?”

“अठ्ठेचाळीस हजार दोनशे.”

“आवाज कसा झाला?”

सुकन्याचे कान तापले. “सर, ते रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलवरून छापलं होतं. सगळ्यांनीच छापलं होतं.”

आमच्या वाचकांत जे अभियंते असतील त्यांनी इथे उगाच खाली पाहू नये. आपल्याकडे सबमिशनच्या आठवड्यात काय चालतं, ते सर्वांना ठाऊक आहे.

“मला माहीत होतं,” सर शांतपणे म्हणाले. “आता हाच प्रश्न तिकडे विचार. दोन्ही ठिकाणी तुझ्या विषयात शिकणारा एकेक विद्यार्थी शोध आणि विचार, शेवटचा नमुना तुटला तेव्हा आवाज कसा झाला?”

“अहो सर, वेडी समजतील मला!”

“समजू देत.”

गुरुवारी दोन्ही उत्तरं आली. मोठ्या विद्यापीठातल्या मुलानं सौजन्यानं लिहिलं होतं की नमुने आम्ही एका स्वतंत्र केंद्राकडे पाठवतो, आकडे ईमेलनं येतात, आवाजाची कल्पना नाही. केंद्राचे फोटो मात्र पाहण्यासारखे आहेत, असंही त्यानं कळवलं होतं. लहान गावातून एका नेपाळी मुलीचं लांबलचक उत्तर आलं. “तीन दिवस मी त्या यंत्रापाशी बसून होते आणि मेला नेमका मी डबा खायला गेले तेव्हा तुटला! तिथला म्हातारा तंत्रज्ञ मला हसला. म्हणाला, आता पुन्हा लाव. दुसऱ्यांदा मी हलले नाही. आवाज अगदी बारीक होतो. प्रयोगशाळेची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते, वहीत नाव लिहायचं आणि कामाला लागायचं. मी एक बेअरिंगही बिघडवलं. ते मलाच बसवायला लावलं.”

ही उत्तरं वाचून झाल्यावर सरांनी खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“आपलं ते यंत्र आलं तेव्हा त्यावर कव्हर मीच घातलं,” ते म्हणाले. “बिघडलं तर जबाबदार कोण, याची धास्ती होती. तपासणीला समिती आली की कव्हर काढायचं, समिती गेली की पुन्हा घालायचं. अकरा वर्षं प्रयोगशाळेची ही किल्ली माझ्याजवळ आहे. तू आकडा छापलास, पण छापण्याची पाळी तुझ्यावर मी आणली, आणि वर त्याखाली सहीही केली. मला त्याची लाज वाटते, बाळ. यंत्र आहे, एवढं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. त्याला विद्यार्थ्याचा हात लागतो का, ते विचारावं लागतं. म्हणून मोठं नाव वाईट असं समजू नकोस हं. ज्याला नुसत्या गणितातून शिकायचंय, त्यानं खुशाल तिथे जावं. पण तू मोडके शाफ्ट गोळा करणारी मुलगी आहेस.”

सुकन्यानं चौदा रकान्यांचा तक्ता घडी करून पिशवीत टाकला. निर्णय झाला होता. राहिले होते अण्णा.

घरी तिनं अण्णांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. “आपल्या दुकानात बंद खोक्यातला पंप कुणाला विकलाय का मी? गिऱ्हाइकासमोर चालू करतो, आवाज ऐकवतो, मगच पावती फाडतो. मग लेकीला बंद खोकं कसं घेऊ देऊ? पाहुण्यांचं काय, पाहुण्यांना सांगू नकाशा बघा म्हणून.”

शुक्रवारी सकाळी लहान गावाला होकार गेला.

शनिवारी सरांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. कव्हर काढताना दोघांच्या नाकातोंडात धूळ गेली. सरांनी तेल घातलं, सुकन्यानं दांडा बसवला, वजन टांगलं आणि यंत्र सुरू केलं. मग दोघं शेजारी-शेजारी स्टुलांवर बसले. फेऱ्यांचा आकडा चढत गेला. अठ्ठेचाळीस हजार दोनशेही होऊन गेले, पण दांडा आपला फिरतोच आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू आवरलं नाही.

एकसष्ट हजार सातशे चाळीसाव्या फेरीला ‘टक्’ असं झालं.

“एवढाच?” सुकन्या म्हणाली.

“एवढाच.” सरांनी यंत्र बंद केलं. “वीस मिनिटांचं काम होतं गं.”

त्यांनी जर्नल मागून घेतलं. जुन्या आकड्यावर काट मारली, आपल्या स्वाक्षरीवरही मारली. नवा आकडा लिहिला, तारीख घातली आणि पेन सुकन्येच्या हातात देऊन म्हणाले, “सही तू कर.”

जाताना सरांनी दार ओढून घेतलं. खिशाकडे गेलेला हात त्यांनी मध्येच थांबवला आणि किल्ली बाहेरच्या खिळ्याला अडकवली. सोमवारी दुसऱ्या वर्षाला प्रयोग क्रमांक सात होता. त्या आठवड्यात बावीस जर्नलांत बावीस वेगळे आकडे आले आणि सरांनी सगळ्यांवर सही केली.