गवंड्याची साक्ष

एका डोंगराळ राज्यात एक वकीलीणबाई होती. जीभ अशी धारदार, की ती उभी राहिली की समोरच्याची बोलतीच बंद! तिलाही ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता.

एके दिवशी एका गवंड्याची बायको रडत तिच्या दारात आली. राजाचा बुरूज बांधताना तिचा नवरा परांचीवरून पडला होता. परांची म्हणजे भिंतीलगत बांबू बांधून केलेली उभं राहायची सोय. डोक्याला जबर मार बसला. महिन्याभराने गवंडी उठून बसला खरा, पण पहिल्यासारखा राहिला नाही. बोलता बोलता शब्द हरवायचे. जरा गलका झाला की डोकं गच्च धरायचा. आणि कामावरचा मुकादम गावभर सांगत सुटला होता, "दारू पिऊन चढला, पडला. माझा काय दोष?"

आता मुकादमावरची फिर्याद न्यायसभेत गेली होती, आणि त्या राज्याच्या न्यायसभेत एक रीत होती. फिर्यादीने आपली हकीकत तीनदा सांगायची. तिन्ही वेळा सारखी निघाली तर खरी. फरक पडला तर खोटी, आणि खोटं बोलणाऱ्याने बिऱ्हाड उचलून गाव सोडायचं.

"अहो बाई, हे एकदा म्हणतात दोर तुटला, एकदा म्हणतात पाय घसरला," गवंडीण म्हणाली. "तुम्ही यांच्याकडून चार वाक्यं घोकून घ्या. नाहीतर राहत्या घरातून उठावं लागेल हो आम्हाला!"

वकीलीणबाईला ते अगदी सोपं वाटलं. तिने दोन दिवस घोकून घेतलं. तिसऱ्या दिवशी गवंड्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, हे तुमचं आहे. माझं नाही."

"मग तुमचं काय आहे, दादा?" ती वैतागून म्हणाली. पुढे आणखी काही बोलणार होती, पण कोण जाणे कशी, जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. बऱ्याच वेळाने गवंडी म्हणाला, "पडलो ते... आठवत नाही. लोक सांगतात, तेच मी सांगतो. सकाळचं आठवतं. दोर आठवतो."

वकीलीणबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीपाजारी त्याच्या तोंडात आपापले शब्द घालत होते आणि तीही तेच करायला निघाली होती!

त्या दिवसापासून ती रोज सकाळीच यायची, कारण दुपारनंतर त्याचं डोकं ठणकायचं. एकच प्रश्न विचारायचा आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायची. अशा बोलघेवड्या बाईला ही केवढी शिक्षा! पण तिने ती आनंदाने सोसली.

सुनावणीच्या दिवशी ती न्यायाधीशांना म्हणाली, "महाराज, तीनदा सांगायचं अशी रीत आहे. एकाच दिवशी, एवढ्या गोंगाटात आणि तोंडानेच सांगायचं, असं कुठे आहे? आम्हाला तीन सकाळी द्या, सभा शांत ठेवा आणि थोडे बांबू नि नवे-जुने दोर द्या. आणि आधीच सांगते, पडल्याचं यांना आठवत नाही."

"ऐकलंत?" मुकादम खो खो हसला. "फिर्यादीलाच फिर्याद आठवेना!"

न्यायाधीशांनी जरा विचार केला आणि तीन सकाळी दिल्या.

पहिल्या सकाळी गवंड्याने बांबू हातात घेतले आणि लोक बघतच राहिले. काय ते हात! एकेक गाठ अशी पक्की, की मूर्तिमंत कसब. मग त्याने विहिरीवरचा झिजलेला जुना दोर उचलला, ताणून बघितला नि फेकला. "हा नको, मुकादम. माणसं चढायचीत."

दुसऱ्या सकाळीही तसंच झालं.

तिसऱ्या सकाळी त्याने तोच दोर उचलला. "हा नको..." आणि पुढचा शब्दच सापडेना. कपाळावर घाम आला. गवंडिणीने पदर तोंडात धरला. सगळ्यांचे डोळे वकीलीणबाईकडे वळले. तो शब्द तिच्या अगदी ओठांवर होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

गवंडी उभा राहिला. हळूहळू चालत भर सभेतून गेला आणि तो दोर मुकादमाच्या पायाशी टाकला. "त्या सकाळी तूच म्हणालास, 'चालतंय. चढ.'"

मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला. न्यायाधीशांनी तडक बुरुजाकडे माणसं पाठवली. मागच्या बाजूची परांची अजून उभी होती. काथ्याचे नवे दोर मुकादमाच्या कोठारात आणि परांचीला सगळे विहिरीवरचे झिजके दोर!

गवंड्याचं घर राहिलं. त्याच्या कुटुंबाचा जन्मभराचा भार मुकादमावर पडला. आणि तीनदा सांगायच्या रीतीत राजाने भर घातली, की ज्याला जसं सांगता येईल तसं सांगू द्यावं.

परतताना गवंडीण म्हणाली, "बाई, तो एक शब्द तुम्ही सांगितला का नाहीत? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"माझाही लागला होता," वकीलीणबाई डोळे पुसत म्हणाली. "पण मी सांगितला असता, तर साक्ष माझी झाली असती."

तात्पर्य: ज्याचे शब्द अडतात त्याची बाजू घ्यायची, म्हणजे त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, त्याला त्याचे सापडेपर्यंत जगाला थांबवून धरायचं.