सात रेघा

माणसांनी अजून कोठारं बांधली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानातले दहा प्राणी उन्हाळ्यासाठीच्या बिया अर्जुनाच्या झाडाच्या एकाच ढोलीत ठेवत. राखणदार साळिंदराने प्रत्येकाला दहा रेघा ओढलेली एकेक साल दिली होती. बियांचा एक ढीग ठेवला की एक रेघ खोडायची. उरलेल्या रेघा म्हणजे उरलेली जागा.

झिपरी खारीच्या सालीवर सात रेघा शिल्लक होत्या. त्यांच्या भरवशावर तिने पिल्लांसाठी सात ढीग वेचून झाडाखाली रचले. मग तोंडभर बिया घेऊन ती वर चढली, तर ढोली काठोकाठ भरलेली!

"साळिंदरदादा, माझी जागा कुठंय?"

"अगं, ढोलीत मावतात पन्नासच ढीग. सगळे एवढं भरतील असं कुठं वाटलं होतं?"

"मग सालीवर पाचच रेघा का नाही ओढल्यास?"

"दहा बघून सगळे कसे खूश झाले होते, झिपरे!"

तेवढ्यात खाली रानडुकरं तिच्या ढिगांवर तुटून पडली. बघता बघता जमीन साफ झाली.

झिपरीने आपली साल साळिंदराच्या तोंडावर फेकली. "उन्हाळ्यात माझी पिल्लं भुकेने ओरडतील ना, तेव्हा या सात रेघा त्यांना भरव. तुझ्या हाताने भरव!"