काळ्या धुराचं गुऱ्हाळ

एकदा एका गुऱ्हाळावर एक म्हातारा गुळव्या हुता. काहिलीतल्या रसाचा गूळ कवा झाला, हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. त्याच्या हाताखाली बाळगोंडा शिकत हुता. त्या भागातल्या खुळ्यांनी एक ठरवूनच टाकलेलं, ज्याच्या धुराड्याचा धूर जास्त त्याचा धंदा मोठा. बाळगोंडाबी त्यातलाच.

एका सकाळी दहा गाड्या ऊस येऊन पडला. दोन दिवसांत गाळला न्हाई तर वाळून जाणार. चुलवाणात जाळायचं चिपाड निम्मं ओलं. बाळगोंडानं जुने टायर आणले, चिपाडासकट चुलवाणात गच्च कोंबले. काळाकुट्ट धूर उठला, तो खालच्या वस्तीवर बसला. एक बाई नाकाला पदर लावून धावत आली.

"आरं मुडद्या, पोरगी खोकून बेजार झाली माझी!"

"मावशे, धंदा वाढायचा म्हंजे धूर हुणारच."

"मग तुझ्या घराकडं सोड की त्यो!"

तेवढ्यात आप्पा उठला. लोखंडी आकडी घातली आनि चुलवाणातलं निम्मं जळण बाहेर वढलं. टायर तर लाथेनं उडवले.

बाळगोंडा भडकला. "आप्पा, डोस्कं फिरलं काय? रस अजून उकळंना, आनि तुम्ही जाळ काढताय?"

"गप. खालची राख वढ, वारं जाऊ दे आत. वाळलेलंच चिपाड टाक, थोडं थोडं. वलं उन्हात पसर."

बाळगोंडानं दात खात सगळं केलं. घडीभरात चुलवाण घुमाय लागलं. जाळ पिवळाधमक झाला, रस खदखदला. वर बघितलं तर धूर नुसता नावाला.

आप्पानं त्याच्या कपाळावरची काजळी बोटानं पुसली आनि त्याच्याच डोळ्यांम्होरं धरली.

"हे काय हाय?"

"काजळी."

"हे तुझं न जळलेलं जळण हाय, गाढवा. रसाला लागायचं, ते त्या पोरीच्या छातीत घातलंस. वर म्हणतोस धंदा वाढला. गूळ वाढला का धूर?"

दुसऱ्या सांजेला दहाच्या दहा गाड्या गाळून झाल्या, आनि वर चिपाडाचा ढीग उरला. बाळगोंडा नाचायचाच बाकी.

"आप्पा, आता दुसरं चुलवाण बांधू!"

"बांध की. जाळ वाढला की धूरबी वाढला, परत वस्तीवरच. जाळायलाच वाचवलंस व्हय रं?"

बाळगोंडानं ढिगाकडं बघितलं. मग पाटी भरून उठला.

"कुठं निघालास?"

"उसाच्या सरीत हातरतो. रानात वल धरंल. ऊस वाढंल, मग गूळबी वाढंल."

आप्पा हसला, दुसरी पाटी त्यानं सोता उचलली.

फुडच्या हंगामात शेजारचा गुऱ्हाळवाला खवचटपणानं म्हणाला, "काय बाळगोंडा, धुराडं थंड दिसतंय. धंदा बसला का?"

"वर काय बघतोस? हितं खाली ये, गुळाच्या ढेपा मोज."

देश चालवणाऱ्यांनीबी ढेपाच मोजाव्यात. धूर बघून छाती फुगवू नये.