ऊद

"बाबा, मरणाचा वास झाकेल असा ऊद आहे का तुमच्याकडे?"

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर निखारे फुंकत बसले होते. भास्कररावांच्या या प्रश्नावर त्यांनी मान वर केली.

"तो वास कसा असतो ते तूच लिहिलंयस ना?"

लिहिलं होतं खरं. भास्कररावांच्या एका कादंबरीवर दोन पिढ्या रडल्या. नायिका मरते ती खोली, उशाची कोमेजलेली शेवंती, तापाचा तो गोडसर, नासका दर्प... वाचून लोक हात धुऊन यायचे म्हणे. भास्करराव काय, फुगलेच. आधी नाकानं लिहितो, मग हातानं, असं भाषणात सांगत फिरायचे.

आता त्यांची बायको कुमुद खरोखरच अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. सूनबाई सगळं करत होती, आणि हे गृहस्थ शेजारच्या खोलीत दार लावून बसलेले!

"आत जात नाहीस?"

"पाय उचलत नाही, बाबा. आत गेलो आणि तोच वास आला तर?"

"आणि नाही आला तर?"

भास्करराव निखाऱ्यांकडे बघू लागले.

"त्याचीही भीती वाटते. मग मी लिहिलं ते सगळं खोटंच की."

एवढं बोलले आणि स्वतःचीच शरम वाटून त्यांनी तोंड फिरवलं.

बाबा उठले. राखेनं माखलेला हात त्यांनी पुढे केला आणि भास्कररावांचं नाक चिमटीत गच्च धरलं.

"आता सांग. कुमुद कशी आहे?"

"सोडा... अहो, जीव जाईल माझा!"

"सांग."

भास्करराव तोंडानं धापा टाकू लागले. डोळ्यांत पाणी आलं.

"हाका मारते... भिंतीपलीकडून ऐकू येतं."

"काय म्हणते?"

"'अहो, आहात ना?' म्हणते. डोळ्यांना दिसत नाही आता तिला. फार घाबरलीय हो... सारखं तेच विचारते. 'अहो, आहात ना?'"

"मग तू काय म्हणतोस?"

भास्कररावांनी मान सोडवून घ्यायला पाहिली; चिमटी आणखी घट्ट झाली.

"काय म्हणतोस?"

"काही नाही. श्वास रोखून बसून राहतो. तिला वाटावं, मी घरात नाही."

बाबांनी नाक सोडलं. निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"मग तुम्हा दोघांत मेलंय कोण, हे तिला कसं कळायचं?"